दूरच्या आकाशगंगेतली धूळ

मंडळी, आज पुण्यात एका दुर्बिणीवाल्या संस्थेत भिंती रंगवत होतो. तिथं दूरच्या आकाशगंगेचं मोठं चित्र लावलेलं. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "हिच्यातलं चुंबकीय क्षेत्र डोळ्यांना दिसत नाही. पण त्यामुळं धुळीचे कण एका दिशेनं वळून राहतात. त्यांच्याकडून आलेल्या प्रकाशावरून ते कळतं."

मले आमचं मेहकरजवळच्या डोणगावचं खळं आठवलं. ज्वारी उफणायच्या आधी बाबा मूठभर भुसा हवेत सोडायचे, वारा कुठून येतो पाहायचे, मगच उभं राहायला तिवई मांडायचे.

लगेच फोन लावून बाबाले सगळं सांगितलं.

"इतक्या दुरची धूळ दिसते तुमाले?" बाबा म्हणाले. "मंग मी काऊन नाही दिसत बे? दोन दिवाळ्या झाल्या."

पुण्याहून मेहकरची गाडी किती वाजता असते, कोणी सांगता का?