वांग्यांसह परत आलेला रेडिओ

सुरतेत घरोघरी रंगीत टीव्ही येऊ लागले, तेव्हा जुने लाकडी रेडिओ माळ्यावर गेले आणि माळ्यावरून भंगारवाल्याकडे निघाले. आमच्या यजमानांना ते बघवेना. नोकरी बँकेत, पण जीव रेडिओच्या व्हॉल्व्हमध्ये अडकलेला. त्यांनी आमच्या मराठी मंडळात टूम काढली: जुने रेडिओ मागून आणायचे, दुरुस्त करायचे आणि हवे त्याला फुकट द्यायचे. अट एकच, नको झाला तर भंगारात न घालता परत आणून द्यायचा. मंडळाच्या खोलीत गणपतीची मखरं कोंबलेली, म्हणून हा कारखाना थाटला गेला माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी. मी पालिकेच्या मराठी शाळेत शिक्षिका. दिवसभर पोरांचा गलका ऐकून घरी यावं, तर इथे रेडिओच्या शिट्ट्या. मी किती चिडचिड केली ते यांना विचारू नका, त्यांनी ती ऐकलीच नाही.

पहिले रेडिओ गेले सुरतेतल्याच नवागामला, कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या खानदेशी मंडळींकडे. आठवडाभरात तिथली एक बाई दारात हजर. कडेवर मूल घ्यावं तसा लुगड्यात गुंडाळलेला रेडिओ आणि हातात पिशवीभर भरताची वांगी. "हाई ल्या, बाई," म्हणाली, चहा प्यायली आणि गेली. यांनी अर्थ लावला, रेडिओ बिघडला असणार आणि वांगी म्हणजे मजुरी. काही बिघडलेलं सापडेना, तरी यांनी चांगला व्हॉल्व्ह काढून दुसरा चांगला घातला आणि रेडिओ स्वतः पोचवून आले. थोड्या दिवसांनी तो पुन्हा आला, या वेळी ज्वारीचे बिबडे घेऊन. बाकीचे रेडिओही एकेक करून आले. कुणाबरोबर मिरच्या, कुणाबरोबर उडदाचे पापड.

"बघ, लोकांचा केवढा विश्वास बसलाय," हे म्हणाले.

भरीत खाताना माझी ट्यूब पेटली. शेजारणीची वाटी रिकामी परत करू नये, हे मी आईच्या हाताखाली शिकले होते. या बायका रेडिओ परत करत होत्या, आणि रिकामा कसा परत करायचा म्हणून वर काहीतरी ठेवत होत्या. एवढी साधी गोष्ट आम्हा दोघा शिकलेल्यांना कळली नव्हती, कारण भरीत फारच छान झालं होतं.

रविवारी मी यांना आणि त्या रेडिओला रिक्षात घालून नवागाम गाठलं. बाईच्या खोलीत भिंतीशी ओळीने माणसं झोपलेली: नवरा, दीर, गावाकडची दोघं-तिघं. बाहेर लख्ख दुपार.

"दिनना रातपाळीवाला झोपतस, रातना दिनपाळीवाला," ती कुजबुजली. "मंग रेडू वाजाडानं कव्हय?"

आमच्या पाळ्या दहा ते पाच, त्यामुळे हे सुचलंच नव्हतं. मी म्हटलं, मग राहू दे, मंडळात दुसऱ्या कुणाला देऊ. तशी तिने रेडिओवर हात ठेवला. "गुरवारे रेडूवर मनी माय गानार शे, बाई." तिच्या गावात खानदेशातल्या रेडिओ केंद्राची माणसं येऊन जात्यावरच्या ओव्या टिपून गेली होती. गुरुवारी संध्याकाळी त्या लागणार, असा कालच गावाहून आलेल्या भाच्याने निरोप आणला होता. लग्न होऊन आल्यापासून आईचं गाणं तिने ऐकलं नव्हतं. आमच्या घरी येऊन ऐक म्हटलं, तर नेमक्या त्याच वेळी तिला रातपाळीच्या डब्यांच्या भाकरी थापायच्या असत. भाकरीच्या थापांनी ती माणसं उठत नसत, लूमच्या खडखडाटात तयार झालेले कान ते. पण माणसाचा आवाज आला की डोळे उघडत. मला तिच्या आधी रडू येईल असं वाटलं.

हे मात्र खूश दिसत होते. घरी येऊन त्यांनी आमच्या ढिगातून कुणीतरी टाकलेल्या काळ्या टेलिफोनचा रिसीव्हर उपसला, रेडिओच्या स्पीकरची तार सोडवून रिसीव्हरला जोडली. बुधवारी नवागामला जाऊन जाळीची लांब एरियल पत्र्यापासून शेजारच्या बांबूपर्यंत ताणली. खानदेश काही लागेना. गुजराती बाजारभाव लागले आणि त्यांच्यामागे नुसती खरखर. रात्री घरी येऊन यांनी उरलीसुरली सगळी तार गुंडाळून पिशवीत भरली.

गुरुवारी शाळा सुटल्यावर मीही गेले. यांनी एरियलचं टोक आणखी एका घरापुढे नेलं, तिथल्या आजीबाईंनी ते आपल्या कपडे वाळत घालायच्या दांडीला बांधून घेतलं. दिवस मावळत आला तसा काटा खानदेशावर स्थिरावला. बाईने रिसीव्हर कानाशी धरून पदर डोक्याभोवती घट्ट आवळला, दोन्ही हात पिठात मोकळे. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं. नुसत्या भाकरीच्या थापा.

मग थापा थांबल्या.

मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिले. आधी ओठ हलले, ओवीबरोबर. मग पीठभरल्या हाताने तिने पदरावरूनच रिसीव्हर कानाशी दाबला आणि त्याच्या बोलायच्या बाजूत, झोपलेल्यांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "हां माय. आयकी ऱ्हायनू मी."

रिसीव्हरची ती बाजू कशालाच जोडलेली नव्हती. आमच्या यजमानांना कुठलंही यंत्र कसं चालतं हे समोरच्याला समजावून सांगितल्याशिवाय चैन पडत नाही. त्या संध्याकाळी मात्र ते, तव्यावरची भाकरी करपू नये म्हणून, नुसतं चुलीतलं लाकूड मागे ओढत राहिले.