खाटेवरचा पेशंट

फार्म-डी ही औषधशास्त्रातली सहा वर्षांची पदवी असते, हे बेलापुरात कुणाला पटवून देता येत नाही. वडील 'पोरगी डॉक्टर होतेय' म्हणून गावभर सांगत फिरायचे आणि गाव मला विचारायचं, "मग मेडिकल कुठं टाकनार?" मी चिडून सांगायचे, की मी औषधांचं दुकान टाकणार नाही, पेशंटजवळ बसून त्याला त्याचं औषध समजावून देणार. समोरचा मान हलवायचा. "ते बी बरंय. पन मेडिकल टाकाच."

पाचव्या वर्षी दवाखान्यात आमची तोंडी परीक्षा होती. घरी निघालेल्या पेशंटला इन्सुलिनचं पेन शिकवायचं आणि बाहेरून आलेल्या मॅडम शेजारी उभ्या राहून गुण देणार. नापास झाले असते तर माझं वर्ष गेलं असतं आणि वडिलांची गावातली ऐटही. मला सोनईचे एक शेतकरी मिळाले. पांघरूण छातीपर्यंत ओढून ते अगदी व्यवस्थित आजारी पडले होते. फाइल खाटेला टांगलेलीच होती, मग नाव विचारण्यात वेळ कशाला घालवायचा? मी सुरूच केलं.

असा गुणी पेशंट मला आजवर मिळाला नव्हता. पोटाची घडी चिमटीत धरा म्हटलं, धरली. दहा आकडे मोजा म्हटलं, मोजले. शेवटी "आता मला परत सांगा" म्हटलं, तर घडाघडा म्हणून दाखवलं. मी मोठ्या ऐटीत मॅडमकडे पाहिलं.

तेवढ्यात दारातून एक गृहस्थ आले. हाताला सलाइनची पट्टी, मिशीला उसाच्या रसाचा फेस.

"ऊठ रे, जागा दे," ते खाटेवरच्या माणसाला म्हणाले.

माझा पेशंट टुणकन उठला. तो धाकटा भाऊ होता. खाट रिकामी दिसली म्हणून त्यानं जरा पाठ टेकली होती.

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"तुमी एवढा जीव तोडून सांगत हुता म्याडम. मधीच कसं तोडायचं?"

मॅडमनी कागदावर काहीतरी खरडलं. धाकटे मदतीला धावले. "तसं बी घरी मीच टोचनार हाय. शेळ्यांना मीच टोचतो."

माझ्या जिवात जीव आला. म्हणजे शिकवलं ते योग्य माणसालाच! पण शेळ्यांचं नाव निघताच थोरल्यांचा चेहरा पार उतरला. मी त्यांच्याशेजारी बसले आणि आधी नाव विचारलं. मग विचारलं, "काका, बाहेर का गेला होतात?"

"ह्यो शेळ्यांना कसा टोचतो त्ये बघितलंय मी," ते हळूच म्हणाले. "शेळी पळती तरी. मी कुठं पळू? म्हनून रसवंतीवर जाऊन बसलो. रस न्हाई प्यालो, नुसता सावलीला."

मिशी अजून ओलीच होती. मला हसू आवरेना, पण माणूस खरोखर घाबरला होता. घरी गेल्यावर पेन कपाटात पडलं असतं आणि शुगर वाढतच राहिली असती. आम्हाला पाठ करायला दिलेल्या प्रश्नांत शेळी कुठेच नव्हती.

दुपारचा डोस व्हायचाच होता. सिस्टर जवळ येऊन थांबल्या आणि मी पेन थोरल्यांच्याच हातात दिलं. सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं. धाकटे मोठ्यानं दहा मोजत होते.

थोरल्यांनी एक डोळा उघडला. "झालं? सिस्टरपरीस माझाच हात हलका हाय की!"

सिस्टर फणकाऱ्यानं निघून गेल्या. मग रसावरून मी थोरल्यांना चांगलंच झापलं. मॅडमनी मला पास केलं, पण सुरुवातीला नाव न विचारल्याचे गुण कापले. बरोबरच होतं.

निघताना थोरले पिशवी सावरत म्हणाले, "म्याडम, तुमचं मेडिकल कुठं हाय? औषध तिथनंच नेत जाईन."

"मेडिकल नाही हो काका माझं," मी म्हटलं. पहिल्यांदाच त्या प्रश्नाचा राग आला नाही.

ते भावाकडे वळले. "बघ. दुकान न्हाई, म्हनून तर इचारायला येळ हाय तिच्याकडं."