एक्केचाळीस नंबरचा मोजेवाला

सेलूच्या कापूस खरेदी केंद्रावर अनंतराव ग्रेडर गाडीजवळ आले की रांगेतली माणसं गप्प व्हायची. गाडीवर चढायचं, कोपरापर्यंत हात खुपसून तळातला मूठभर कापूस उपसायचा, चिमटीत धागा ओढून बघायचा आणि प्रत सांगायची. सुपर, मधला, नाहीतर कवडी. कवडी म्हणजे किडका, डागाळलेला माल. हा शब्द ज्याच्या वाट्याला येई तो शेतकरी अनंतरावांच्या सात पिढ्यांचा उद्धार करी. अनंतराव मान खाली घालून ऐकत. ते कुणाकडून काही घेत नसत, त्यामुळे शिव्या तेवढ्या फुकट मिळत.

असा हा खडूस माणूस संध्याकाळी घरी आला, चहा प्याला, की सतरंजीवर मांडी घालून चित्रं बघत बसे. निझामाच्या राजवटीत सिगरेटच्या पाकिटातून क्रिकेट खेळाडूंची रंगीत चित्रं यायची. आगपेटीएवढी, पुठ्ठ्याची, मागे इंग्रजीत नाव आणि नंबर. एका मालिकेत पन्नास. अनंतरावांचे मामा परभणीला कचेरीत होते. ते सिगरेट ओढत आणि चित्र भाच्याला देत. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस ॲक्शनच्या धामधुमीत मामांचं बिऱ्हाड हललं, त्यात तिथेच ठेवलेली ती चित्रंही गेली. पुढे एकोणऐंशी साली एका किराणा दुकानात तंबाखूच्या डब्याच्या झाकणाला चिकटवलेलं एक चित्र दिसलं आणि पंचेचाळीस वर्षांचे अनंतराव दुकानाच्या पायरीवरच बसले. दुकानदाराला वाटलं, ऊन लागलं. त्याने पाणी दिलं आणि चित्रही सोडवून दिलं.

तिथून नाद लागला. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण अनंतरावांच्या हौसेचा भाव ठरलेला होता. एक चहा आणि एक प्लेट भजी. याच्यावर एक पैसा नाही. ग्रेडरचा पगार तो केवढा, आणि त्यात दोन मुलींची शिक्षणं. त्यामुळे कोऱ्या करकरीत चित्राच्या वाटेला ते जातच नसत. कोपरे झिजलेले, मधे घडी पडलेली, कुठे पानाचा डाग, कुठे तेलाचा, असा मधला माल घ्यायचा. चेहरा ओळखू आला आणि मागचा नंबर वाचता आला की झालं.

"सुपरमध्ये काय आहे?" ते म्हणायचे. "त्याला कुणी हातच लावलेला नसतो. मधला माल चार घरं फिरून येतो."

त्यांच्या बायको, प्रमोदिनीबाई, या शहाणपणाला दाद देत नसत. "एवढे गोरे पाहुणे कपाटात आणून ठेवलेत," त्या म्हणत, "बरंय बाई, एकही जेवायला उठत नाही." पण चित्रं लावायची वही त्यांनीच शिवून दिली होती. प्रत्येक पानाला चार कोपऱ्यांत बारीक चिरा, त्यात चित्राचे कोपरे अडकवायचे. डिंक लावू द्यायचा नाही, अशी अनंतरावांची सक्त ताकीद.

चार वर्षांत एकोणपन्नास चित्रं जमली. राहिला एकच, एक्केचाळीस नंबर. मद्रासचे एक जुने संग्राहक पत्र लिहीत असत. त्यांनी सगळ्या पन्नासांची यादी पाठवली होती. त्यात एक्केचाळिसाव्यापुढे 'यष्टिरक्षक, दोन्ही हातांत मोजे' असं होतं. त्यांच्याकडे तो होता, सुपर प्रतीचा, आणि किंमत अनंतरावांच्या महिन्याच्या पगाराएवढी. अनंतरावांनी कार्ड टाकलं : आपला माल उत्तम आहे, आमची ऐपत मधली आहे, लोभ असावा. कार्ड टाकून आले आणि दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. एका रिकाम्या चौकटीपायी माणसाची झोप उडावी हे त्यांना स्वतःलाच पटत नव्हतं, पण उडाली होती हे खरं.

त्र्याऐंशीच्या जूनमध्ये भारताने विश्वचषक जिंकला आणि अनंतरावांच्या वहीला एकदम भाव आला. कापसाच्या हंगामात गाड्या दोन-दोन दिवस रांगेत उभ्या असायच्या. दुपारच्या सुट्टीत शेतकरी म्हणायचे, "सायेब, ते तुमचं पुस्तक दावा की." सकाळी शिव्या देणारी माणसं दुपारी खांद्यावरून वाकून चित्रं बघत.

असाच एक बोरीचा मुंजाजी. वय चाळिशीच्या आतबाहेर, अंगाने आडवा. सकाळी त्याच्या गाडीला मधली प्रत लागली होती म्हणून जरा फुगलेला होता. पण वही बघता बघता त्याचा चेहरा उजळला.

"सायेब, आसाच फोटू आमच्या घरी हाय. देवात."

"कुणाचा?"

"आमच्या वडलांचा. आशीच टोपी, पांढरे कपडे, हातात ढेकळाएवढाले मोजे."

अनंतरावांचा भाकरीचा घास हातातच राहिला. "तुमचे वडील क्रिकेट खेळायचे?"

"न्हाई वो, कास्तकार माणूस. मी पाळण्यात आसतानीच गेले. हैदराबादला कोर्टाच्या कामाला गेल्ते तवा फोटू काढला आसंल. तिथले फोटूवाले कपडे घालाया देतेत म्हनं."

"आणि मोजे?"

मुंजाजीने विचार केला. "थंडी आसंल," तो म्हणाला.

रांगेतलं कुणी हसलं नाही, कारण कुणाला त्यात हसण्यासारखं दिसलं नाही. अनंतरावांनी मात्र घास परत डब्यात ठेवला. ज्याला चार वर्षं शोधला तो एक्केचाळीस नंबर बोरीत, देव्हाऱ्यात, गंध-फुलं घेत बसला होता. आणि मागायचा कसा? बापाच्या फोटोला कुणी चहा-भजी देतं का?

"दर्शनाला आलो तर चालेल का?" त्यांनी विचारलं.

"या की," मुंजाजी म्हणाला. त्याला या इच्छेचं नवल वाटलं, पण साहेबमाणसाचं काही सांगता येत नाही.

रविवारी अनंतराव वही पिशवीत घालून निघाले. जिंतूरला एसटी बदलली. बोरी येईपर्यंत त्यांनी मागायच्या तऱ्हा मनात जुळवल्या आणि एकेक मोडीत काढल्या. बदल्यात आपल्याकडे दोन-दोन झालेली जोडचित्रं द्यावीत? खरं सांगावं? पण खरं सांगायचं म्हणजे एका पोराला, भले तो चाळीस वर्षांचा असो, हा तुझा बाप नव्हे म्हणून सांगायचं. आणि न सांगता परत यायचं म्हणजे ती चौकट जन्मभर रिकामी. उतरावं की गाडीत बसून तसंच पुढे निघून जावं, असं त्यांना झालं होतं. पण पाय उतरले.

अंगणात मुंजाजीची आई, कस्तुराबाई, शेंगा निवडत होती. सत्तरीला टेकलेली, वाळकी, डोळे मात्र टकटकीत. पदर खांद्यावर आलेला, तो सावरायची तिला काही गरज वाटली नाही. "बसा," ती म्हणाली आणि मूठभर शेंगा पाहुण्यापुढे ढकलल्या.

मुंजाजीने हात धुऊन देव्हाऱ्यातून पत्र्याची छोटी चौकट आणली. काच उदबत्तीच्या धुराने तांबूस झालेली. आत, कपाळावर गंधाचा वाळलेला टिळा घेऊन, दोन्ही हातांत मोजे घातलेला एक गोरा यष्टिरक्षक वाकून उभा होता. कोपरे गेलेले, एका बाजूला तेल पाझरलेलं. कवडीच्या वर, मधल्याच्या थोडा खाली, असं अनंतरावांच्या मनात आलंच. सवय जात नाही.  त्यांनी नमस्कार केला आणि नुसती वही उघडून चौकटीशेजारी ठेवली.

कस्तुराबाईने शेंगा सोडल्या. वहीकडे बघितलं, चौकटीकडे बघितलं.

"ह्येचे एवढे भाऊबंद हायेत व्हय," ती म्हणाली.

अनंतराव खाली बघायला लागले.

"आता लपवून काय करावं," म्हातारी मुंजाजीकडे न बघता म्हणाली. "ह्यो मुंजाजीचा बाप न्हाई. मी काय येडी हाय का? माझा मालक तव्यासारखा काळा. त्येंनी जलमात फोटू काढला न्हाई. गेले, तवा त्येंच्या कोटाच्या खिशात हे चित्र घावलं. कुठं सापडलं आसंल, आवडलं आसंल, ठिवलं. पोरगं मोठं झालं आन् इचारायला लागलं, बा कसा व्हता. मी हे दावलं. खिशातलं व्हतं ना त्येंच्याच."

मुंजाजी उभाच होता. "म्हंजे मी येवढी वर्सं..."

"बाप म्हून केलंस ना? मंग पावलं."

 मुंजाजी आत जाऊन पाणी पिऊन आला आणि येताना पाहुण्यालाही तांब्या भरून आणला. तो भला माणूस होता.

"तुमाला पायजे का हे?" कस्तुराबाईने थेट विचारलं.

"पाहिजे," अनंतराव म्हणाले. एवढ्या तऱ्हा जुळवल्या होत्या, त्यातली एकही कामी आली नाही. "पण तुमच्या देवातलं मी कसं मागू?"

"देवाची जागा मोकळी ऱ्हाऊ नये, येवढंच. दुसरं कायतरी द्या."

अनंतरावांनी पिशवीतून जोडचित्रांचं पुडकं काढलं. म्हातारीने ते बघितलं नाही. तिने वहीच ओढून घेतली आणि एकेक पान उलटायला लागली. गोरे, लाल गालांचे, टोप्या घातलेले साहेब तिच्या बोटाखालून सरकत होते. हा लय फुगीर. ह्येला तर दाढी. ह्यो कुनाचा जावाई. मुंजाजीसुद्धा वाकून हसायला लागला. असं करत ती सतरा नंबरशी आली आणि थांबली.

सतरा नंबर एका संस्थानाच्या संघातला देशी खेळाडू होता. काळासावळा, जाड मिशा, भुवया जुळलेल्या, बॅट कुऱ्हाडीसारखी खांद्यावर टाकलेली. अनंतरावांना तो गंगाखेडच्या एका न्हाव्याच्या आरशामागे सापडला होता. तो मिळावा म्हणून त्यांनी वर्षभर सेलूहून गंगाखेडला जाऊन केस कापून घेतले होते. सगळ्या वहीत त्यांचा लाडका. त्याचं जोडचित्र नव्हतं.

 कस्तुराबाईने वही डोळ्यांजवळ नेली. मग तिचा हात आपोआप खांद्याशी गेला आणि तिने पदर डोक्यावरून कपाळापर्यंत ओढून घेतला, नवीन नवरी घेते तसा.

 अनंतरावांनी सतरा नंबरचे चारही कोपरे चिरांतून हळूच सोडवले आणि चित्र मुंजाजीच्या हातात दिलं. मुंजाजीने ते उजेडात धरलं, मग नकळत आपल्या मिशीवरून हात फिरवला.

"मिशी माझ्यावानी हाय," तो म्हणाला.

"तुजी त्येंच्यावानी हाय," कस्तुराबाई पदराआडून म्हणाली.

भाकरी-पिठलं खाऊन, पिशवीभर शेंगा घेऊन अनंतराव दिवेलागणीला घरी आले. प्रमोदिनीबाई दारातच उभ्या होत्या. नवऱ्याच्या चेहऱ्यावरून त्यांना काही कळेना. त्यांनी वही उघडली. एक्केचाळिसाव्या चौकटीत मोजेवाला बसलेला, कपाळावर गंध तसंच. त्यांना मनापासून आनंद झाला. मग त्यांनी पानं चाळली आणि सतराव्या जागेवर बोट ठेवलं.

"अहो, म्हणजे परत एकोणपन्नासच?"

"एकोणपन्नासच."

"चार वर्षं घातलीत. आता हा सतरा नंबर कुठं शोधत फिरणार?"

अनंतराव पायातल्या वहाणा काढत होते. "शोधायचा कशाला?" ते म्हणाले. "तो त्याच्या घरी गेलाय."