मी पाळलेलं ग्रहण

आमची मुलगी पोटात असताना सूर्यग्रहण मी पाळलं. मुलगी अर्थातच अश्विनीच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, पोटात होती. पण अश्विनी त्या सकाळी मुलाखतीला गेली होती आणि कुणीतरी पाळायला हवंच होतं, म्हणून मी बसलो.

ही हकिकत आमच्या नातलगांत गेली काही वर्षं सांगितली जाते. गेल्या महिन्यात आक्काच्या बाराव्याला ती पुन्हा निघाली, तेव्हा माझ्या डोक्यावर नारळ होता असं एकानं सांगितलं. नारळ डोक्यावर नव्हता, मांडीत होता. आक्का आता नाही. तिच्या माघारी निदान नारळ तरी जागच्या जागी राहावा, म्हणून हे सावकाश लिहून काढतो आहे.

आक्का म्हणजे अश्विनीची थोरली आत्या. अश्विनीची आई ती लहान असतानाच गेली. वडील, म्हणजे माझे मामा (आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात), शिरोळला उसात. तेव्हा मुलीला वाढवलं ते जयसिंगपूरच्या आक्कानं. नवऱ्याच्या माघारी तिनं भांड्यांचं दुकान एकटीनं चालवलं होतं. गिऱ्हाइकाला देण्याआधी प्रत्येक भांडं ती बोटाच्या पेरानं वाजवून बघायची. चिरलेलं भांडं बद्द वाजतं, चांगलं खणखणतं. लग्न ठरवताना तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मला उगीच वाटत राहिलं की आता ही आपल्याला वाजवून बघणार.

आम्ही तेव्हा राजारामपुरीत तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहत होतो. अश्विनीचं एम.एस्सी. झालेलं, पदवीदान समारंभ व्हायचा होता. मी मध्ये दोन वर्षं क्लासमध्ये शिकवण्यात घालवली होती, त्यामुळे माझं एम.ए. अजून चालूच होतं. तिला पीएच.डी.ला प्रवेश, मला पदवी, मग बाळ, असं वेळापत्रक मी तीन रंगांच्या शाईत काढून भिंतीला लावलं होतं. बाळाची शाई हिरवी होती. त्यात ग्रहणासाठी रंग ठेवलेला नव्हता.

आणि मग एकाच गुरुवारी सगळं आलं. सकाळी दहाला विद्यापीठात अश्विनीची मुलाखत. दुपारी एकच्या आत माझा लघुप्रबंध विभागात जमा करायचा. आणि आठ ते अकरा सूर्यग्रहण. अश्विनीला सातवा महिना.

"ही मुलाखत चुकली तर वर्ष गेलं," अश्विनी म्हणाली. "पुढच्या वर्षी बाळ असणार. त्याच्या पुढच्या वर्षी बाळाला गोवर असणार. मग मी कधी शिकायचं, बाळाच्या लग्नानंतर?"

"नाही चुकणार," मी म्हणालो.

"आक्काला तू सांगणार?"

"सांगतो की."

बुधवारी संध्याकाळी आक्का एसटीनं आली. बरोबर दर्भ, तुळशीची डहाळी, नारळ आणि दहा भाकरी. मामाही शिरोळहून जीप घेऊन आले. आक्कानं पाणी प्यायच्या आधीच घरातली विळी, सुरी, कात्री आणि माझं पेन्सिल तासायचं पातंसुद्धा उचलून माळ्यावर टाकली.

"उद्या आठ ते अकरा पोरगी हितनं हलणार न्हाय," ती म्हणाली. "पाय आखडायचं न्हाईत, काय चिरायचं न्हाय, अंगाला खाजवायचं तर मुळीच न्हाय. जितं खाजवशील तितं बाळाला डाग उठतोय."

अश्विनीनं माझ्याकडे पाहिलं. मी मामांकडे पाहिलं. मामांनी छताकडे पाहिलं. उसाला पाणी कमी पडलं तर मामा सगळ्या पाटबंधारे खात्याशी भांडायचे, पण थोरल्या बहिणीपुढं त्यांचा आवाज पाटात विरून जायचा.

मला कुणालाही नाही म्हणता येत नाही. हा स्वभाव आहे आणि यावर पुस्तकं वाचूनही काही उपयोग झालेला नाही. अश्विनीला मी हो म्हणून बसलो होतो आणि आक्कालाही आता हो म्हणायचं होतं. दोन्ही हो एकाच घरात मावतील अशी वाट शोधताना माझ्या तोंडून निघून गेलं, "आक्का, नवऱ्यानं पाळलं तरी चालतं."

"कोण म्हणतंय?"

"ग्रंथात आहे. नवरा-बायको म्हणजे एकच शरीर. तिला निकडीचं काम असेल तर तिच्या जागी नवऱ्यानं बसावं. फळ तेच."

"कुटल्या ग्रंथात?"

टेबलावर माझा लघुप्रबंध पडलेला होता. त्याच दुपारी बांधून आणलेला, लाल कापडी बांधणी, सोनेरी अक्षरं. विषय होता शिरोळ तालुक्यातल्या जात्यावरच्या ओव्या. मी तो उचलला.

"ह्यात," मी म्हणालो.

"वाचा बघू."

मी मध्येच कुठंतरी उघडला आणि समोर ओवी असताना, जुन्या पोथीच्या सुरात, जे नव्हतं ते वाचलं. एकशे चाळीस तळटीपांचा तो प्रबंध. प्रत्येक तळटीप मी तीन-तीनदा तपासलेली. आणि त्याच प्रबंधातून मी आयुष्यातला पहिला खोटा दाखला दिला.

आक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग हात पुढं केला. "द्या हिकडं."

"कशाला?"

"ग्रंथ असा टेबलावर टाकत्यात व्हय?" तिनं तो देव्हाऱ्यात नेऊन ठेवला आणि त्याच्या लाल कापडावर चांगली दोन बोटं भरून हळदीकुंकू वाहिलं.

सकाळी जमा करायची ती माझी एकुलती बांधीव प्रत होती. पण आता काय बोलणार?

गुरुवारी आठच्या आत अश्विनी निघाली. जीपच्या काचांना मामांनी आतून खताची रिकामी पोती लावली होती. अश्विनीचा चेहरा जिन्यावरून उतरताना गंभीर होता, पण खांदे हलत होते.

कागदपत्रांची फाइल मी स्वतः लावून दिली होती. अनुक्रमणिकेसह.

आक्कानं मला आतल्या खोलीत पाटावर बसवलं. खिडकीला चादर, बाजूला दर्भ, मांडीत नारळ. तिच्या मते जागा घ्यायची तर पुरी घ्यायची.

"पाय सरळ."

"हो."

"हसायचं न्हाय."

मी हसत नव्हतो.

समोरच्या फ्लॅटमधल्या शमशादभाभी कपडे शिवायच्या. त्या सकाळी त्यांचं मशीन बंद होतं. आदल्या दिवशी द्यायचा राहिलेला अश्विनीचा ब्लाऊज घेऊन त्या आल्या आणि दारातच थबकल्या.

"अश्विनी कुठाय?"

"मुलाखतीला," आक्का म्हणाली.

"मग हे?"

"तिच्या जागी बसल्यात."

भाभींनी माझ्या मांडीतल्या नारळाकडं जरा वेळ पाहिलं. "मी सकाळपास्नं मशीन बंद ठेवलंय," त्या म्हणाल्या. "आमच्यातबी पोटुशी जवळ आसली की सुई चालवत न्हाईत. म्हटलं समोरच्या घरात पोरगी हाय. तर हितं हे."

"आता हेच समजायचं," आक्का म्हणाली.

"बरं. कितवा?" भाभींनी मला विचारलं.

"सातवा," मी म्हणालो. विचारलं म्हणून सांगितलं.

पावणेदहाला माझा फोन वाजला. आक्कानं तो माझ्या कानाला लावून धरला, कारण हात हलवायचे की नाही याचा निर्णय झालेला नव्हता.

"विनय," अश्विनी अगदी हळू म्हणाली. (ती हळू बोलते तेव्हा प्रकरण गंभीर असतं.) "फाइलमध्ये सगळ्या झेरॉक्स आहेत. मूळ मार्कशीट कुठे आहेत?"

"कपाटात."

"कपाटात का?"

याचं उत्तर मला देता येत होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. जुन्या कागदांवर काम करणाऱ्यांना पहिली गोष्ट शिकवतात ती ही की मूळ प्रत जागची हलवायची नाही. बाहेर न्यायची ती नक्कल. मी तीन संच नकला काढल्या होत्या, साक्षांकित करून, टाचणी न टोचता. मूळ कागद सुरक्षित होते.

"मूळ दाखवल्याशिवाय आत सोडणार नाहीत. माझा नंबर साडेदहाच्या सुमारास. बाबा निघू का म्हणतायत, पण जायला-यायला वेळ पुरणार नाही. तिकडूनच कुणीतरी घेऊन यायला पाहिजे."

मी पाट सोडून उठलो. नारळ घरंगळत कपाटाखाली गेला.

"जावईबापू, बसा खाली," आक्का म्हणाली.

"आक्का, तिचं वर्ष जाईल."

"ऐकलं मी. बसा."

"अहो पण..."

मी त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. ग्रंथ नाही, त्या ओव्या आहेत, पोथी मी रचली, ग्रहणानं काही होत नाही. ही चार वाक्यं होती. मी तोंड उघडलं आणि त्यातलं एकही बाहेर आलं नाही. मार्कशीट कपाटात ठेवून बायकोचं वर्ष घालवायचं, की आक्कासमोर तिच्या नातवंडाचा विचार न करता चालू पडायचं, यांतलं मला काहीच जमेना. अर्धा उभा, अर्धा बसलेला असा मी राहिलो.

आक्कानं कपाट उघडलं. "कुटला कप्पा?"

"दुसरा. निळी फाइल. पण तुम्ही..."

तिनं निळी फाइल पोटाशी धरली, पदर डोक्यावरून कपाळाच्या खाली ओढून घेतला आणि चपला घातल्या. बाहेर ग्रहण ऐन भरात होतं. उन्हाचा रंग शिळ्या ताकासारखा झालेला. आयुष्यात ग्रहणात जिनं उंबरा ओलांडला नव्हता, ती बाई दारात उभी राहून म्हणाली, "मी जातो. शमशाद, ह्यास्नी हलू द्यायचं न्हाय."

"न्हाय हलू देत," भाभी म्हणाल्या आणि स्टूल घेऊन माझ्यासमोर बसल्या.

पुढचा सव्वा तास मी आयुष्यात विसरणार नाही. भाभी शब्दाच्या पक्क्या. आणि बरोबर त्याच वेळी माझ्या डाव्या कानामागं खाज सुटली. मी ओव्या आठवल्या. तळटीपा क्रमानं म्हणून पाहिल्या. अठ्ठाविसाव्या तळटीपेला भाभी पाणी आणायला उठल्या, तेव्हा मी खाजवलं. एकदाच.

भाभी दारातून बघत होत्या. त्यांनी मान हलवली.

साडेअकराला सगळे परत आले. आक्का पुढं, जीपमधून उतरल्यासारखी नव्हे तर जीप चालवत आल्यासारखी. तिच्यामागं अश्विनी. तिचा चेहरा पाहून मला विचारावं लागलं नाही.

"सगळ्यात शेवटी विचारलं, घरी बाळाकडं कोण बघणार," ती म्हणाली. "मी सांगितलं, नवरा. आत्ताही तोच बसलाय."

मला ग्रहणाची अंघोळ केल्याशिवाय काही शिवायला परवानगी नव्हती. थंड पाण्याची. एकला पाच मिनिटं कमी असताना मी ओल्या केसांनी विभागात पोचलो आणि हळदीकुंकू लावलेला लघुप्रबंध टेबलावर ठेवला. माझ्या मार्गदर्शक बाईंनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

"संदर्भसूचीत याचा उल्लेख आहे का?" त्यांनी विचारलं.

पुढं सगळं भिंतीवरच्या वेळापत्रकाप्रमाणं झालं, फक्त शाया बदलल्या. अश्विनीला प्रवेश मिळाला. पदवीदानाला ती गाऊन घालून मंचावर गेली, तेव्हा तीन आठवड्यांची मुलगी मागच्या रांगेत आक्काच्या मांडीत झोपली होती. त्या मुलीच्या डाव्या कानामागं तांदळाच्या दाण्याएवढा तीळ आहे. आक्कानं तो बाराव्या दिवशीच, कान उलटा करून, बघितला होता. मग माझ्याकडं बघितलं होतं. शमशादभाभींनी तोंडाला पदर लावला होता.

मी एम.ए. आहे. तीळ कशानं होतात हे मी त्यानंतर पुष्कळ वाचलं आहे. पण आक्काला ते समजावून सांगावं असा धीर मला झाला नाही, कारण त्यासाठी ग्रंथापासून सुरुवात करावी लागली असती. एकदा जयसिंगपूरला जाऊन सगळं खरं सांगून टाकू असं मी दर दिवाळीला ठरवायचो. दर दिवाळीला ती भाकरी वाढायची आणि मी दुसरं काहीतरी बोलायचो. अशा दिवाळ्या पुष्कळ उरल्यात असं माणसानं धरून चालू नये, हे मला आता कळतं.

बाराव्याला जेवणं उरकल्यावर मी मामांच्या शेजारी बसलो आणि त्यांना सांगून टाकलं. कुणाला तरी सांगायलाच हवं होतं.

"मामा, तो ग्रंथ खरा नव्हता."

मामांनी सुपारी तोंडात टाकली. "आक्काला ठाव हुतं की."

"कधीपासून?"

"तवाच. जावईबापू, तिनं चाळीस वर्सं दुकान चालवलं. तिला काय वाचाय येत न्हवतं व्हय? त्या लाल पुस्तकावर सोनेरी अक्षरात तुमचंच नाव हुतं."

एकशे चाळीस तळटीपा तपासणाऱ्या माणसानं मुखपृष्ठ तपासलं नव्हतं.

"मग तिनं पूजा का केली?"

"मीबी इचारलं. तर म्हणाली, जावयाचं पयलं पुस्तक हाय, हळदीकुंकू लावलं तर बिघडलं कुटं?"

"आणि मला तीन तास का बसवलं?"

"पोरगीला तर जायलाच पायजे हुतं, ते तिनं आदीच ठरवलेलं. पर म्हणाली, बघूया तर, पोरगीसाठी ह्यो बसतोय किती वेळ." मामा डोळे पुसत हसले. "संध्याकाळी जीपमधी बसल्यावर म्हणाली, आवाज जरा बद्द हाय जावयाचा. पण गळत न्हाय."

माझी मुलगी शेजारीच बसून हे ऐकत होती. ती आता पहिलीत आहे आणि कुठलीही माहिती पडताळून घेतल्याशिवाय मानत नाही, हा गुण माझा. ती उठली, माझ्यासमोर उभी राहिली आणि बोटाच्या पेरानं माझ्या कपाळावर दोनदा वाजवून, कान लावून तिनं नीट ऐकलं.

"आई," तिनं आत हाक मारली, "खरंच बद्द हाय की."

मी हललो नाही. मला सवय आहे.