बराबर पाच वाजता

पत्रक मी लिहिलं होतं. हे आधीच सांगते, कारण गावात काही जण अजून म्हणतात की ते जयंती मंडळाने काढलं, आणि मंडळाचे लोक वर्षभर ते नाकारून थकले आहेत. शब्द माझे होते. "धावण्याची स्पर्धा. अंतर पाच किलोमीटर. मुलं-मुली एकत्र. सायंकाळी बराबर पाच वाजता. पाहुण्यांसाठी कुणीही थांबणार नाही." शेवटचं वाक्य ठळक. छापखान्यातल्या माणसाने विचारलं, हे पण छापायचं का? मी म्हणाले, हेच छापायचं आहे, बाकीचं उरलेल्या जागेत बसवा.

आमचं गाव वारंगा फाट्याच्या अलीकडे. जयंतीचे कार्यक्रम आमच्या भागात एप्रिलभर चालतात, कारण सगळ्या गावांना एकाच दिवशी बँड, मंडप आणि वक्ता मिळत नाही. गेल्या वर्षी आमचा नंबर महिन्याच्या शेवटी लागला. स्पर्धा सकाळी घेता येत नव्हती. हळदीचं काम चालू होतं, सकाळी निम्मी वस्ती हळद शिजवायला गेलेली. म्हणून संध्याकाळ.

मंडळाचे अध्यक्ष माझे चुलते. आम्ही सगळे त्यांना बाप्पा म्हणतो. एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. बैठकीत तेच म्हणाले, "पाच लिही. पाच लिहिलं की लोकं सातला येतेत."

"मग सातच लिहा ना."

"सात लिहिलं की नऊला येतील. काहून भांडून राहिली तू? लग्नाच्या पत्रिकेवर बारा पस्तीस असतंय. लग्न लागतं कधी?"

"तीनला."

"मंग? कुणी तक्रार केली का?"

मी केली होती. लेखी. आदल्या वर्षी एका पुढाऱ्यासाठी शाळेची लेकरं दोन तास मंडपाबाहेर उभी ठेवली, त्यावर मी चार पानी पत्रक काढलं होतं. आपल्या लोकांचा वेळ फुकटचा आहे असं पुढाऱ्यांना वाटतं, कारण आपण तो फुकट देतो, असं मी त्यात म्हटलं होतं. ते मला आजही पटतं. बैठकीत मी तेच पुन्हा म्हणाले, उभं राहून. बाप्पा म्हणाले, "तीस वर्षं मी गाडी टायमावर सोडली बाई. टायमावर पोचली का कधी?" सगळे हसले. मी हसले नाही. पाच म्हणजे पाचच, हा ठराव मंजूर झाला, मुख्यतः मी खाली बसावं म्हणून.

माझी मावसबहीण तेव्हा आमच्याकडे राहत होती. मावशी शिरड शहापूरला असते, तिथे पळायला जागा आहे पण पोरीला पळताना बघणारेही फार आहेत. ही पोलीस भरतीची तयारी करत होती. तिच्या मैदानी चाचणीची तारीख आली होती, स्पर्धेनंतर बरोबर नवव्या दिवशी. आठशे मीटर ती चांगलं पळायची, अगदी पूर्ण मार्क मिळतील इतकं. तिच्याकडे बुटांचा एकच जोड होता आणि तो तिने चाचणीसाठी राखून ठेवला होता. सराव अनवाणी, कॅनॉलच्या कडेच्या मातीवर.

स्पर्धेत तिला पळवायचं मी ठरवलं. तिला त्याची गरज नव्हती. मला होती. मुलं-मुली एकत्र असं छापल्यावर एखादी मुलगी पुढे दिसायला पाहिजे.

पावणेपाचला मी कमानीखाली शिट्टी घेऊन उभी होते. नावं दिली होती त्रेचाळीस जणांनी. हजर होते अकरा, सगळे अनवाणी.

"बाकीचे कुठं हायेत?"

"घरी," एक पोरगं म्हणालं. "झोपून राहिले. त्यांला वाटतंय सातला हाय."

"पत्रक वाचलं नाही का त्यांनी?"

"वाचलं ना. म्हणूनच."

बाप्पा मंडपात खुर्चीवर बसले होते. मंडपाच्या सावलीतसुद्धा ते डोक्यावर ओला रुमाल टाकून बसले होते. म्हणाले, "थांब जरा. लेकरं भाजतील."

"पाहुण्यासाठी थांबायचं, असं सरळ म्हणा ना."

"पाहुणा गेला चुलीत. ऊन बघ."

मी ऊन बघितलं नाही, घड्याळ बघितलं. बहीण रेषेवर उभी होती, एक पाय उचलून, मग दुसरा. हळू आवाजात म्हणाली, "ताई, रोड लई तापलाय."

मी म्हणाले, "पोलीस व्हायला निघाली ना तू?"

तिने दोन्ही पाय खाली टेकवले. पाचला मी शिट्टी वाजवली. गावाच्या इतिहासात वेळेवर सुरू झालेला तो पहिला कार्यक्रम. बघायला बाप्पा आणि मंडपवाला होते.

मी एकाच्या मोटारसायकलवर मागे बसून पळणाऱ्यांसोबत निघाले. रस्ता नवा होता, डांबर काळं कुळकुळीत. कडेची माती थंड असेल म्हणून दोघं तिच्यात उतरले आणि लगेच परत वर आले. मातीत सराटे होते, त्यांचे काटे पायात घेऊन आले. मग सगळ्यांना एकदम एकच गोष्ट कळली, की रस्त्याच्या कडेला जो पांढरा पट्टा मारलेला असतो तो डांबरापेक्षा कमी तापतो. अकराच्या अकरा जण वीतभर रुंदीच्या त्या पट्ट्यावर एकामागे एक आले. शर्यतीत कुणाला पुढे जायचं असेल तर डांबरावर उतरावं लागे. त्यामुळे बराच वेळ कुणी पुढे गेलं नाही. मुंग्यांची रांग चालली आहे असं दिसत होतं.

पुलापर्यंत हे चाललं. पुलाच्या पुढे ठेकेदाराने पट्टा मारलेलाच नव्हता. तिथून कापसाच्या जिनिंगपर्यंत आणि परत पुलापर्यंत, दोन किलोमीटरच्या वर, नुसतं डांबर.

तिघं पुलावरच थांबले. त्यांच्यापैकी एक चपला आणायला घरी गेला आणि आला नाही. एकाला जिनिंगपाशी उलटी झाली. पाणी नव्हतं. थंड पाण्याचे जार सांगितले होते, पण जारवाल्यानेही पत्रक वाचलं होतं, तो सातला आला. बहीण पळत राहिली. मी मागून ओरडत होते, "शाब्बास! शाब्बास!" मोटारसायकल चालवणाऱ्याने एकदा मान वळवून माझ्याकडे बघितलं. माझ्या पायात सँडल होते.

ती चौथी आली. मुलींत पहिली. मुली दोन होत्या.

कमानीखाली ती बसली ती उठलीच नाही. बाप्पांनी घमेल्यात पाणी आणून तिचे पाय त्यात ठेवले. पाण्यातून काढले तेव्हा दोन्ही चवड्यांखाली कातडी सुटून आली होती, भाजलेल्या वांग्याची सुटते तशी. बाप्पांनी रुमाल डोक्यावरून काढून तिच्या पायावर टाकला.

सातला पाहुणे आले. साडेसहापासून उरलेले पळणारेही येऊ लागले होते, झोप झालेले, हातपाय मोकळे करत. सूर्य गेला होता, वारं सुटलं होतं, बाया रस्त्यावर अनवाणी उभ्या राहून बोलत होत्या. "स्पर्धा कधी हाय?" त्यांनी विचारलं. झाली, असं सांगितल्यावर त्यांना ती गंमत वाटली. शेवटी बाप्पांनी स्पर्धा दुसऱ्यांदा घेतली. पाहुण्यांनी हिरवा झेंडा दाखवला, सगळे पळाले, सगळे परत आले, पाणी प्यायले. पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की वेळेवर सुरू झालेला कार्यक्रम बघून त्यांना समाधान वाटलं.

ज्यांना माझं लिहिणं खरं वाटलं नाही त्यांचे पाय शाबूत राहिले. ज्या अकरा जणांना खरं वाटलं त्यांचे भाजले. हे मी अनेकदा वेगळ्या तऱ्हेने मांडून बघितलं आहे. वेगळं होत नाही.

उपकेंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, पंधरा दिवस पाय टेकवायचा नाही. आमच्याकडे नऊ होते. मी मावशीला फोन केला नाही, तिनेच केला.

"काय झालं म्हणं पोरीच्या पायाला?"

मी सगळं सांगितलं. पुढारी, लोकांचा वेळ, ठराव. मावशीने ऐकून घेतलं.

"तू पत्रक काढतीस ना गं?" ती म्हणाली. "आता याच्यावर काढ." आणि फोन ठेवला.

नवव्या दिवशी आम्ही हिंगोलीला गेलो. तिने पायाला पट्ट्या गुंडाळून वरून बूट चढवले. बूट चढवताना तिने माझा खांदा धरला होता, आणि तो इतका दाबला की दोन दिवस दुखत होता. मला मैदानाच्या जाळीबाहेर उभं केलं. ती पळाली. नेहमीपेक्षा अकरा सेकंद जास्त लागले. त्या अकरा सेकंदांचे मार्क गेले आणि यादी लागली तेव्हा तिचं नाव दोन मार्कांनी बाहेर होतं. माझी चूक बाप्पांच्या, पुढाऱ्याच्या किंवा ठेकेदाराच्या नावावर टाकता येते का, हे मी बरेच दिवस तपासलं. पट्टा पुढे का मारला नाही यावर अर्जही दिला. त्याचं उत्तर आलेलं नाही.

तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं असतं तर मी बोलले असते. मला बोलता येतं.

आता पुढच्या भरतीची तयारी चालू आहे. पुन्हा एप्रिल आहे. ती आमच्याकडेच राहते, संध्याकाळी पळते, आता रोज बूट घालूनच. मी वेळ मोजायला जाते, कारण तिने ये म्हटलं. काल साडेपाचला मी ओट्यावर तयार होऊन बसले होते. ती बूट हातात घेऊन बाहेर आली, रस्त्याच्या कडेला गेली, पायाचा उघडा तळवा डांबरावर टेकवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

"अजून न्हाई," ती म्हणाली, आणि आत गेली.

सहाला पुन्हा आली. पुन्हा तळवा टेकवला. पुन्हा आत गेली. बाप्पा समोरून जात होते, त्यांनी विचारलं, "काय, कधी निघायचं?"

मी म्हणाले, "तिला विचारा."