दोन किल्ल्यांची तक्रारपेटी

पोलीस चौकीत तक्रारपेटी बसवायची आणि तिच्यावर नागरिकांचीही देखरेख हवी, असं वरून ठरलं, तेव्हा आमच्या भागातून माझंच नाव पुढे आलं. येणारच! उभा जन्म सरकारी दप्तरात घातलेली बाई, गुजराती मराठीइतकंच सराईत वाचणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यातून माहेर दांडिया बाजारातलं. आजोबा, पणजोबा दोघेही बडोदे सरकारच्या नोकरीत. आमच्याकडे पोरांनी सहलीला जायची परवानगी मागितली तरी वडील म्हणायचे, "लेखी द्या." आणि आम्ही देत असू.

पेटी हिरव्या पत्र्याची, तिला दोन कुलपं. एक किल्ली चौकीच्या साहेबांकडे, दुसरी माझ्याकडे. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दोघांनी मिळून पेटी उघडायची, मी कागद मोठ्याने वाचायचे, साहेबांनी रजिस्टरात नोंद करायची आणि पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं. पोलिसांविरुद्धचा कागद पोलिसांना एकट्याने दडपता येऊ नये, म्हणून ही व्यवस्था. मला भारीच आवडली. नियमावली मी दोनदा वाचून काढली. त्यात एक कलम होतं, की पक्षपात टाळण्यासाठी प्रतिनिधीने तोंडी तक्रार ऐकू नये. तेही मला आवडलं. आज ते आठवलं की स्वतःच्याच मुस्काटात मारून घ्यावीशी वाटते.

आमच्या कोपऱ्यावर एका नवराबायकोची इस्त्रीची लारी, म्हणजे हातगाडी होती. एकदा त्या माणसाच्या हातून एका हवालदाराच्या वर्दीची कॉलर जळली. झालं! दुसऱ्या दिवसापासून त्याला रोज संध्याकाळी पाचला चौकीत बोलावणं यायला लागलं. पाच म्हणजे लोकांनी कपडे आणून द्यायची नेमकी वेळ. तिथे त्याला बसवून ठेवतात, एवढं गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचं कुणी विचारत नव्हतं.

एका दुपारी मी मेथी निवडत बसले होते, तर त्याची बायको दारात आली.

"बेन, जरा सांगायचं होतं. ह्यांना रोज चौकीत..."

"थांबा," मी हात वर केला. "मला तोंडी नका सांगू. कागदावर लिहा आणि पेटीत टाका. पेटी मी स्वतः उघडते. टाकलंत की झालं."

"मला लिहिता नाही येत, बेन."

"मग कुणाकडून लिहून घ्या."

 "भले, बेन," म्हणत ती मान डोलावून गेली.

आमचे हे आत पेपर वाचत होते. म्हणाले, "अगं, दारात आलेल्या बाईचं ऐकून तरी घ्यायचंस."

"अहो, नियम आहे तसा."

"नियमाला कान नसतात. तुला आहेत ना?"

मी पुन्हा मेथी निवडायला घेतली. दोन दिवसांनी लारीवरून त्या बाईने मला खुणेनं सांगितलं, टाकला कागद. मीही मान हलवली, मोठ्या अधिकाऱ्यासारखी.

पहिला गुरुवार. किल्ली पर्समध्ये घालून मी चौकीत हजर. शिपाई म्हणाला, "साहेब तो बंदोबस्तमां छे, मांडवी. बेसो ने बेन, चा पीओ." म्हटलं, त्यांची किल्ली? तर म्हणे ती साहेबांच्या खिशात. पुढच्या महिन्यात साहेब कोर्टात. तिसऱ्या महिन्यात साहेब साक्षात खुर्चीत बसलेले, पण किल्ली घरी! "आज जरा राहून गेली, बेन." अहो, राहून गेली म्हणजे काय? पेटीच्या फटीतून कागदांची टोकं बाहेर आली होती. मी डोळ्यांनी बघत होते आणि हात लावायची सोय नव्हती.

चौथ्या महिन्यात साहेबांची बदलीच झाली. तात्पुरता चार्ज ज्यांच्याकडे होता, ते म्हणाले, किल्ली ताब्यात आलेली नाही, कारण चार्जच्या यादीत किल्लीच नाही. माझं डोकंच फिरलं. मी घरी येऊन रीतसर अर्ज लिहिला, की पेटी उघडत नाही. तो घेऊन गेले तर टेबलावरचा जमादार अगदी मनापासून म्हणाला, "एम करो ने बेन, लखीने पेटीमां नाखी दो." पेटी उघडत नसल्याची तक्रार पेटीत टाका!  तो थट्टा करत नव्हता हो, खरंच मदत करत होता.

इकडे लारी आधी संध्याकाळची बंद राहू लागली. मग नुसती बायको दिसायची. तो एकदा दिसला तो कानावर हात दाबून बसलेला. मी काय केलं? रस्ता ओलांडून पलीकडून गेले. तो तक्रारदार, मी प्रतिनिधी. बोलणं बरं दिसत नाही. एकदा पेटी उघडू दे, मग बघते एकेकाकडे, असं मनात घोकत गेले. पुढे एक दिवस लारीच नाहीशी झाली. भाजीवालीने सांगितलं, वाघोडियाला गेली दोघं. तिथे कारखान्यात तो पोती उचलतो.

नवे साहेब आले ते बरे होते. त्यांनी कुलूपवाला बोलावून त्यांच्या बाजूचं कुलूप तोडायला लावलं आणि मी अखेर माझी किल्ली फिरवली. आत वानरांचा त्रास, कुणाच्या तरी स्कूटरचं पार्किंग, एक लग्नपत्रिका, माव्याच्या पुड्या. आणि वहीच्या पानावर लिहिलेलं एक गुजराती पत्र, माझ्याच नावे. मी ठरल्याप्रमाणे मोठ्याने वाचायला लागले. "मोठ्या बेन, तुम्ही एक दिवस पाच वाजता ह्यांच्याबरोबर चौकीत येऊन बसा. काही बोलू नका. तुमच्यासमोर ते हात नाही उचलणार." एवढंच होतं. 

साहेबांनी रजिस्टरात लिहिलं, अर्जदार जागेवर नाही, सबब निकाली; आणि वही सहीसाठी माझ्याकडे सरकवली. मी सही केली नाही. "त्या हवालदाराचं काय?" विचारलं, तर त्याचीही बदली झाली होती. किल्ली टेबलावर ठेवली आणि उठले.

दुसऱ्या दिवशी बसने वाघोडियाला गेले. पत्ता विचारत विचारत खोली सापडली. बाईने "या बेन" म्हणून पाणी दिलं. नवरा रात्रपाळी करून भिंतीकडे तोंड करून झोपला होता. तिने दोन हाका मारल्या, मग खांदा धरून हलवलं. "डाव्या कानाने आता ऐकू येत नाही," ती मला म्हणाली, साधं काहीतरी सांगावं तशी.

मी बसमध्ये सगळं जुळवून आणलं होतं. बंदोबस्त, कोर्ट, बदली, माझा अर्ज. दोन वाक्यांत ते आटपलं, कारण मलाच लाज वाटायला लागली. उलट जरा चिडूनच विचारलं, "पेटी उघडत नव्हती, तर तुम्ही परत माझ्या दारात का नाही आलात?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पेटी उघडलीच नव्हती?" ती म्हणाली. "आम्हाला वाटलं, तुम्ही वाचलंत, आणि तुम्हाला यायचं नाही."