डोंगराकडचं ऊन

झुम्राचं तोंड वाईट, हे तिच्या जिन्यातल्या पोराटोरांनाही ठाऊक होतं. लढाईच्या आधी ती सारायेवोच्या नगरपालिकेत माळीण होती. चौकाचौकांतल्या गोल बागांत ट्यूलिप लावायचे आणि ते तुडवणाऱ्याला चार गल्ल्यांत ऐकू जातील अशा शिव्या हासडायच्या, यातच तिचं अर्धं आयुष्य गेलं. भाजी तिनं कधी लावली नव्हती. "भाजी खेडवळांनी लावावी, मी शहर नटवते," असं ती तोऱ्यात सांगायची. मग शहराभोवतीच्या डोंगरांवर तोफा येऊन बसल्या. बाहेरून काही येईनासं झालं, आणि पहिल्याच हिवाळ्यात तिच्या बागांतली झाडं लोकांच्या चुलीत गेली. तिचा नवरा पाण्याच्या रांगेत मेला. त्याच्या मुठीतून डब्याची कडी सोडवताना तिला त्याची बोटं मोडावी लागली होती, आणि त्यानंतर तिचं तोंड अधिकच सुटलं.

दुसऱ्या वसंतात मदतीच्या तांदळाबरोबर बियांची पाकिटं आली. ती घेऊन शेजारी तिच्या दारात उभे राहिले.

"झुम्रा, तू माळीण ना? सांग, याचं काय करायचं?"

"पेरा आणि रोज थोबाड बघत बसा त्याचं," ती म्हणाली. "आधी फरशीवर काही पिकत नाही, हे शिका. उद्या या जिन्याखाली. येताना आपापली खुर्ची आणा, आणि अक्कल असली तर तीही."

असा तो वर्ग सुरू झाला. जिन्याखाली, जिथं पूर्वी बाबागाड्या ठेवायचे तिथं. तेलाचे डबे, कपाटाचे खण, बाळाचा टब, कुणाची तरी अकॉर्डियनची पेटी, असलं काय काय घेऊन माणसं यायची. माती मात्र झुम्राच्याच जुन्या गोल बागांतून आणावी लागे. बाबागाडी ढकलत, वाकून, मोकळा चौक पळत ओलांडायचा. गोळी सुटली की गाडीच्या आडोशाला पडायचं आणि उठल्यावर सांडलेली माती आधी गोळा करायची. कुणी ती तशीच टाकून आलं, तर झुम्रा त्याला पुन्हा पाठवी.

पहिला धडा मातीचा नव्हता, इमारतीचा होता. एका अंगाच्या खिडक्या डोंगराकडं. तिकडं दिवसभर ऊन. दुसरं अंग आतल्या अंगणाकडं. तिकडं दिवसभर सावली.

"टोमॅटोला ऊन लागतं," झुम्रा आपली आखूड फावडी जमिनीवर आपटत म्हणाली. "ऊन डोंगराकडं. डोंगरावर बंदूकवाला. तेव्हा टोमॅटो विसरा. अंगणाकडच्या खिडकीत पालक येईल, कांद्याची पात येईल. तेवढंच गिळायचं. ज्याला टोमॅटोच हवाय त्यानं मला आधी कबरीची जागा दाखवून ठेवावी."

मागच्या खुर्चीवर ओस्तोया बसलेला असे. म्हातारा, जन्मभर ट्राम चालवलेला, मोजकं बोलणारा. त्या जिन्यात उरलेला तो एकटाच सर्ब. डोंगरावर त्याच्याच जातीचे लोक होते, आणि हे त्याला कुणी तोंडावर म्हणत नसलं तरी तो जिना चढताना बोलणं थांबायचं. त्याची बायको दारिंका वसंताच्या तोंडावर न्यूमोनियानं गेली होती. औषध नव्हतं. तिला आंघोळ घातली ती झुम्रानंच. घरात माणूस गेलं की आरसा झाकायचा, चाळिसाव्या दिवसापर्यंत उघडायचा नाही, ही रीत तिथं सगळ्यांचीच. कुणी कुणाकडून उचलली देव जाणे. ओस्तोयाच्या कपाटाच्या दाराला माणसाएवढा आरसा होता, तो झाकायला झुम्रानं स्वतःची भरतकामाच्या काठाची चादर आणून टाकली होती.

त्या दिवशी ओस्तोयानं हात वर केला. "झुम्रा, ऊन इकडंच आणलं तर?"

"आणा की! कान धरून आणा!" झुम्रा कडाडली. "आणलंत तर भर वर्गात सत्कार करीन तुमचा."

सगळे खो खो हसले. ओस्तोयाही हसला.

अद्वियानं मात्र ऐकलं नाही. ती तिसऱ्या मजल्यावरच्या मेन्सूरची बायको, हसरी, हट्टी. डोंगराकडच्या गॅलरीत घोंगडी बांधून तिच्यामागं तिनं टोमॅटोचा डबा ठेवला. रोप वाढलं, घोंगडीच्या वर आलं. बंदूकवाल्यानं काय ओळखायचं ते ओळखलं. अद्विया काठीला रोप बांधायला वाकली आणि गोळी डब्यातून आरपार जाऊन तिच्या गळ्यात घुसली. मेन्सूर दारात उभा ओरडत होता, पाय पुढं पडत नव्हते. झुम्रा पोटावर सरपटत गेली आणि अद्वियाचे घोटे धरून तिला आत ओढलं. तेवढ्यात आणखी गोळ्या आल्या, भिंतीचं प्लॅस्टर दोघींच्या अंगावर पडलं. अद्वियाच्या तोंडात माती गेली होती. झुम्रानं बोट घालून ती काढली, जणू तिला अजून श्वास घ्यायचा होता.

अद्वियाला पुरून आल्यावर झुम्रा वर्गापुढं उभी राहिली. शिवी नाही, काही नाही. "माझ्या वर्गातलं एकही माणूस आता मरता कामा नये," ती म्हणाली. "भाजी जळली तरी चालेल." त्या दिवसापासून प्रत्येकाच्या घरी जाऊन ती डबे बघे, आणि डोंगराकडं दिसलेला डबा लाथेनं उडवून देई.

तरीही रागिब गेला. म्हातारा पोस्टमन, मातीची गाडी नेहमी तोच ढकलायचा. अंगणात आजवर एकही गोळा पडला नव्हता, म्हणून माती चाळायला वर्ग तिथं बसला होता. गोळ्याची शिटी ऐकू आली तेव्हा सगळे जिन्याकडं धावले. रागिब गाडी आडोशाला ओढायला मागं फिरला. धूर खाली बसला तेव्हा गाडीचं एक चाक गरगरत होतं आणि रागिबचा कमरेखालचा भाग कुठंच नव्हता. तो झुम्राकडं बघून काहीतरी सांगू पाहत होता. ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. तो गेल्यावरही उठेना, तेव्हा तिला दोघांनी उचलून आत नेलं.

रात्रीतून एकच प्रश्न जिनाभर फिरला. आपण अंगणात बसतो, हे डोंगराला सांगितलं कुणी?

दुसऱ्या दिवशी दुपारी झुम्रा आणि मेन्सूर अंगणातलं रक्त धूत होते. समोरच्या भिंतीवर, रागिब पडला त्याच्या जरा वर, एक कवडसा आला. ज्या अंगणात ऊन कधी शिरलं नाही, तिथं. तो थरथरला, बाजूला सरकला, गेला, पुन्हा आला.

मेन्सूरनं वर बघितलं. "ओस्तोयाची स्वयंपाकघराची खिडकी," तो म्हणाला. "खुणा करतोय. भडवा खुणा करतोय डोंगराला!"

"नीट बघितलंस?"

"हातच्या काकणाला आरसा कशाला? नाचतोय की पुरावा समोर! माझी अद्विया, हा रागिब... अजून कितीजण घालवायचेत तुला?"

कवडसा डोंगरावरून दिसायचा कसा, तो तर अंगणाच्या भिंतीवर होता, हे त्या घटकेला झुम्राच्या डोक्यात शिरलं नाही. तिला फक्त आपल्या मांडीवरचं डोकं आठवलं. मेन्सूरनं कुऱ्हाड घेतली. पण जिना आधी चढली ती झुम्रा, हातात फावडी घेऊन. मागून आणखी चारपाचजण आले, सगळे तिच्याच वर्गातले.

दार लाथेनं उघडलं. ओस्तोया स्वयंपाकघरात गुडघ्यांवर बसला होता. वळून बघत, ओळखीचं हसत, तो म्हणाला, "बरं झालं आलीस, झुम्रा, मी तुला—"

झुम्रानं फावडी उगारली आणि त्याच्या कानशिलावर हाणली.

तो आडवा झाला. मग बाकीचे तुटून पडले. बुटांनी, मुठींनी, खुर्चीच्या पायानं. मेन्सूर कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या बरगड्यांवर घालत होता आणि दर घावाला बायकोचं नाव घेत होता. हाड मोडल्याचा आवाज झाला तरी कुणी थांबलं नाही. झुम्रानं दुसऱ्यांदा फावडी वर उचलली, आणि तिच्या डोळ्यांत ऊन गेलं.

तिनं मान वळवली. घरातल्या बोळाच्या टोकाला डोंगराकडची खोली. खिडकीला काचेऐवजी लावलेल्या प्लॅस्टिकला बोटभर चीर पाडलेली. खोलीत आत, गोळीच्या वाटेपासून बाजूला, कपाटाचं दार उभं केलेलं, आणि त्याच्या आरशावरून उन्हाचा पट्टा बोळातून सरळ स्वयंपाकघरात आलेला. ओस्तोया पडला त्याच्यामागं भिंतीशी टोमॅटोची रोपं होती. पिवळी फुलं आलेली. एकाला बोराएवढं हिरवं फळ धरलेलं. खुर्चीवर तिची भरतकामाची चादर धुऊन, घडी घालून ठेवली होती.

चाळिसावा उलटून गेला होता. चाळिसाव्याच्या गोड गव्हाऐवजी मदतीच्या तांदळाचा गोड भात करून ओस्तोयानं तीन आठवड्यांमागं तिला ताटली आणून दिली होती. तिनं ती चाटूनपुसून खाल्ली होती. म्हणून आरसा उघडला होता. रोपं वाढली तसा पट्टा वर सरकवला होता, म्हणून कवडसा आता खिडकीबाहेर दिसला होता. हे त्या जिन्यात दुसऱ्या कुणाला नाही, तरी तिला कळायला हवं होतं.

"थांबा!" ती किंचाळली. "अरे, आरसा आहे तो! झाडांसाठी आहे! थांबा!"

बाकीचे थबकले. मेन्सूर थांबला नाही. तो बोळातून धावला आणि कुऱ्हाड आरशात घातली. आरशाचा चुरा झाला, उन्हाचा पट्टा विझला. मग तो परतला, यावेळी पातं पुढं करून. झुम्रा ओस्तोयाच्या अंगावर पाय फाकून उभी राहिली होती.

"बाजूला हो, रांडे! तूच मारलंस ना आधी?"

"मीच मारलं," ती म्हणाली आणि फावडीची कड त्याच्या मनगटावर मारली. हाड फुटलं, कुऱ्हाड पडली. मेन्सूर भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडायला लागला.

ओस्तोयाच्या कानातून रक्त येत होतं. झुम्रा खाली बसली तेव्हा त्यानं तिची बाही धरली. "आणलं ना?" तो म्हणाला. "कान धरून." तिनं खुर्चीवरची चादर ओढून त्याच्या कानाशी दाबून धरली.

त्याला दवाखान्यात नेलं ते मातीच्या गाडीत घालून. झुम्रानं गाडी एकटीनं ढकलली, चौक ओलांडताना वाकलीसुद्धा नाही. कुणी गोळी झाडली नाही. झाडली असती तर बरं झालं असतं, असं ती पुढं म्हणायची. शुद्धीवर न येता तो तिसऱ्या दिवशी गेला. कुणाच्या फटक्यानं, ते डॉक्टरनं विचारलं नाही, आणि झुम्रानं त्याला न विचारताच सांगितलं. डॉक्टरच्या हाताखाली त्या दिवशीचे इतर जखमी होते. त्यानं नुसती मान हलवली.

ओस्तोयाला पुरून आल्यावर झुम्रानं आरशाचे तुकडे बादलीत भरले आणि दारोदार गेली. ज्यांनी ज्यांनी हात उचलला होता, त्यांच्याच दारी. प्रत्येकाला एक तुकडा आणि एक रोप.

"झाकून ठेवायचा," ती म्हणे. "घरात माणूस गेलंय. चाळिसाव्याला उघडायचा, आणि त्यानं दाखवलं तसं ऊन आणायचं. टोमॅटो आला की खायचा. टाकायचा नाही, वाटायचा नाही. स्वतः खायचा."

"तोवर रोप मरेल, झुम्रा."

"मग ते कसं जगवायचं ते बघा. वर्गाला येत होतात ना?"

मेन्सूरच्या हाताला प्लॅस्टर होतं. त्यानं दार लावून घेतलं. तिनं तुकडा आणि रोप उंबऱ्यावर ठेवलं आणि निघून गेली.

रोपं लांबट झाली, पिवळी पडली, पण मेली नाहीत. चाळिसाव्याला झुम्रानं तांदळाचा गोड भात केला आणि दुपारी अंगणात जाऊन उभी राहिली. एकेका खिडकीतून कवडसा आला. समोरच्या भिंतीवर ते थरथरत राहिले. तिसऱ्या मजल्याचा मात्र आला नाही.

ती फावडी घेऊन वर गेली. मेन्सूरचं दार उघडंच होतं. भिंतीला टेकवलेला तुकडा, त्यावर अद्वियाचा रुमाल, आणि समोर जमिनीवर मेन्सूर. रोप त्याच्या शेजारी होतं. त्यानं ते जगवलं होतं.

"उघड."

"नाही जमत." त्यानं वर बघितलं नाही. "सकाळी एकदा उघडला. त्यात माझं तोंड दिसतं, झुम्रा."

झुम्रानं फावडी भिंतीला टेकवली. त्याच्या शेजारी बसली आणि रुमाल ओढून काढला. दोघंही त्या तुकड्यात आली.

"मलाही माझंच दिसतं," ती म्हणाली. "तुकडा जरा डावीकडं सरकव, आणि रोपाला पाणी घाल."